कुंद्याच्या डब्यावर तारीख की डाग?

अर्धा किलो कुंदा, आमची बेळगावची दुधाची मिठाई, दुकानातून घेऊन पुण्याला पाठवायचा. कधी केला आणि कधीपर्यंत चालेल, एवढं डब्यावर वाचता यावं की नको? तारखेच्या जागी जांभळा डाग! बोट लावलं तर तोही बोटावर. तुपकट प्लॅस्टिकवर शिक्का मारल्यावर शाई वाळेल कशी? कागदी लेबलावर मारा, वाळू द्या, मग चिकटवा. ह्याला इंजिनिअर लागतो काय?

काउंटरवर उत्तर मिळालं, ‘चार-पाच दिवस काही होत नाही बघा.’ चार की पाच? फ्रीजमध्ये की बाहेर? दूध आटवून केलेला पदार्थ हो, लोणचं नव्हे. त्यात गरम गरम भरून झाकण दाबलेलं. वाफेचं पाणी झाकणाला धरतं, कुंद्यावर ठिबकतं, आणि बुरशी तिथेच पहिली येते. परातीत पसरून पुरता निवू द्यायला कोण अडवतंय? अन्न परवान्याच्या १४ आकडी नंबरावर किमतीचं स्टिकर. तक्रारीचा नंबर लावला तर ‘आम्ही फक्त विकतो, बनवणारे वेगळे.’ बनवणाऱ्यांचा नंबर द्या. ‘मालक जेवायला गेलेत.’ दुपारी चारला!

सुट्या मिठाईच्या ट्रेपुढेही ‘कधीपर्यंत खावी’ ही तारीख लावायची, असा नियम १ ऑक्टोबर २०२० पासून आला होता. ट्रेपुढे असतो पेमेंटचा क्यूआर. तो बरा लॅमिनेट केलेला! पाटी कुठल्या भाषेत, यावर भांडायला अख्खं बेळगाव तयार; डब्यावरची तारीख कुठल्याच भाषेत वाचता येत नाही, त्याचं कुणाला काही नाही.

आणि कुंद्यासकट तोललेला तो खोका! काट्यावर टेअरचं बटण असतं. रिकामा खोका ठेवा, बटण दाबा, शून्य आलं की कुंदा भरा. नाहीतर ५० ग्रॅमचा पुठ्ठा कुंद्याच्या भावात. ऑनलाइन विकणाऱ्या ‘रेटसाठी इनबॉक्स करा’वाल्यांवर तर बोलतच नाही, बीपी वाढतो.

गल्लीच्या टोकाच्या दुसऱ्याचा कुंदा जरा जास्तच गोड. पण लेबल वाचता येतं, गडी फोन उचलतो, किती दिवस टिकेल ते नीट सांगतो. बाहेरगावची पार्सलं कुणाकडून जातात, बघा जाऊन.

असो. एवढा तमाशा झाला, आणि तो डबा काही पुण्याला गेला नाही. ‘खराब झालाय का बघू’ म्हणत चमच्या-चमच्याने इथेच तळ लागला. चव, मेल्यांनो, एक नंबर.

मालक जेवून आले की कळवा. चार की पाच, ते अजून राहिलंय.