तक्तसांगच्या वाटेवरचा गोंगाट
भूतानमधल्या पारोच्या खोऱ्यात, ३१०० मीटर उंचीच्या आसपास कड्याला बिलगून उभ्या असलेल्या तक्तसांग मठाकडे मी तीनदा चढून गेलो, आणि तिन्ही वेळा पाइनच्या रानातल्या प्रार्थनापताकांची फडफड कानी पडण्याऐवजी पुढच्या घोळक्यातल्या कुणाच्या तरी स्पीकरवरची हिंदी गाणीच कानांवर आदळत राहिली. (हा घोळका बहुधा आपलाच असतो, हे ‘अगं, चिवडा कुठंय?’ या हाकेवरून कळते.) बौद्ध गुरू पद्मसंभवांनी जिथे ध्यान केले अशी श्रद्धा आहे, त्या गुहेपाशी १६९२ मध्ये बांधकाम सुरू झाले, १९९८ च्या आगीत जळालेला मठ भूतानी लोकांनी चिकाटीने पुन्हा उभा केला. आत जाण्याआधी मोबाइल आणि कॅमेरा जमा करावा लागतो, हे ठाऊक असूनही पहारेकऱ्याशी हुज्जत घालणारे महाभाग दर वेळी भेटतातच. आत कसेबसे पाच मिनिटे थांबायचे, लोण्याच्या दिव्यांकडे ढुंकूनही पाहायचे नाही आणि बाहेर पडताच ‘एवढ्यासाठी एवढे चढवले?’ असे वाटाड्यालाच सुनवायचे! मग चढलात कशाला, बाबांनो? अर्ध्या वाटेवरच्या उपाहारगृहातूनही मठ उत्तम दिसतो, आणि तिथे चहाही मिळतो.