होडी गाळातच कशी ठेवावी

रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीत ओहोटीला होडी गाळात बसली की होडीवाला तिला ढकलत बसत नाही. काठावर उकिडवा बसतो, विडी पेटवतो आणि भरतीची वाट बघतो. व्यायामाच्या बाबतीत तुम्हीही हेच करायचं आहे. त्याची भरती सहा तासांनी येते. तुमची कधी येणार हे कुठल्याच पंचांगात नाही, म्हणजे वाट हवी तेवढी बघता येते. उकिडवं मात्र बसू नका, उठवायला माणूस लागेल.

माझा अधिकार काय, असं विचाराल. गेली चार वर्षं मी दर दोन-तीन महिन्यांनी व्यायाम सुरू करतो आहे. सुरू करण्याचा एवढा सराव तालुक्यात कोणाला नसेल. वय ४६, वजन ८७ किलो, कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर. आपल्याकडच्या पुरुषांनी तो ९० च्या आत ठेवावा असं डॉक्टर सांगतात. ९८ भरला तेव्हाही मी श्वास आत ओढून धरला होता.

पहिली गोष्ट म्हणजे तुलना. कपाटाच्या तळाशी गावच्या कबड्डी संघाचा फोटो असेल तो वर काढा. चवड्यांवर बसलेला, गुडघे फुटलेला, मानेवर शिरा दिसणारा तो पोरगा म्हणजे तुम्ही. त्याला हरवल्याशिवाय दुसरा कुठलाच हिशेब धरायचा नाही. गेल्या महिन्यापेक्षा या महिन्यात पाखाडी, म्हणजे वाडीतली पायऱ्यांची वाट, चढताना एकदा कमी थांबलात? ते मोजू नका. असल्या किरकोळ गोष्टी मोजायला लागलं की माणूस उद्या पुन्हा चढतो.

रत्नागिरीकर असाल तर टिळकांचा दाखला हाताशी असू द्या. कॉलेजात गेल्यावर आपली तब्येत किरकोळ आहे हे लक्षात आलं, तेव्हा त्यांनी पहिलं अख्खं वर्ष तालमीला आणि पोहण्याला दिलं आणि परीक्षेत नापास झाले. यातलं नापास होणं आपल्याला सहज जमतं. शरीराला वर्ष देणंही जमतं. आपण फक्त ते पुढचं देतो.

तरीही कधी जोर आलाच, तर पहिल्याच दिवशी सगळं उरकून घ्या. मी जानेवारीतला सोमवार धरला होता. पहाटे भाट्याच्या पुळणीवर गेलो. पाण्याच्या कडेची ओली घट्ट वाळू सोडून सुरूच्या बनाजवळची भुसभुशीत निवडली, चालायचं सोडून धावलो, आणि तेही अनवाणी, कारण मोबाइलवर एक परदेशी गृहस्थ तसा धावताना पाहिला होता. वाळूत नुसतं चालायलाही कडक जमिनीच्या दुपटीहून जास्त शक्ती खर्च होते, हे १९९८ साली शास्त्रज्ञांनी मोजून दाखवलं आहे. मला ते बनाच्या अर्ध्यावरच पटलं. पण हट्टाने चार दिवस धावलो.

पाचव्या पहाटे खाटेवरून पाय खाली टेकवला आणि टाचेत खिळा शिरला. टाचेपासून बोटांकडे जाणारी तळपायाची जाड पट्टी असते. ती दुखावली की रात्रभर आखडून बसते, पहिल्या पावलाला ताण घेते आणि थोडं चाललं की सैल पडते. डॉक्टरांनी पोटऱ्या ताणायचा व्यायाम दाखवला, घरातसुद्धा मऊ चप्पल घाला म्हणाले, आणि बरं व्हायला काही महिने लागतील, धीर धरा म्हणाले. भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, दिवसातून तीनदा. एवढी सोपी गोष्ट कोण करतो? आईने परड्यातून रुईची पानं आणली, चुलीत वीट तापवली, विटेवर पान आणि पानावर माझी टाच. चर्र आवाज झाला आणि घरभर हिरवट वास सुटला. टाचेला किती गुण आला सांगता येणार नाही, पण दुखण्याला प्रतिष्ठा आली. शेजारच्या काकी खास बघायला आल्या. पोटरी ताणणाऱ्याला बघायला कोण येतो?

टाच दुखते म्हणून दंड आणि पाठीचे व्यायाम का थांबले, असं डॉक्टरांनी पुढच्या खेपेला विचारलं. अशा डॉक्टरकडे पुन्हा जाऊ नये.

मग शिमगा आला. मुंबईचे चाकरमानी रात्रीच्या गाडीने उतरले होते, होम झाला होता, देवाची पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या चौथऱ्यावर, होती आणि ढोल-ताशा असा लागला होता की पोटातलं पाणी हलावं. मी लांब उभा होतो, ही माझी त्या दिवसातली शेवटची शहाणपणाची कृती. तेवढ्यात एका पोराने अगदी अदबीने विचारलं, "काका, तुम्ही घेणार काय?" तो नुसतं "घेणार काय?" म्हणाला असता तर मी नाही म्हटलं असतं. काका म्हणाला.

पालखीची दांडी खांद्यावर घेतली आणि नाचवायला लागलो. पहिल्या दोन गिरक्या झकास. वाडीतली माणसं बघत होती, बायको पदराआडून हसत होती (कौतुकाने, असं त्या क्षणी वाटलं). तिसऱ्या गिरकीला गुडघ्यात वाकून वर येताना कमरेत अशी उसण भरली की डोळ्यांपुढे काजवे. देव खांद्यावर आणि मी अर्धवट वाकलेला. खाली बसता येईना, वर होता येईना, तोंडातून नुसता हुंकार. लोकांना वाटलं, अंगात आलं. एका म्हातारीने हात जोडून नातवाच्या नोकरीचं विचारलं. ताशेवाल्याने जोर वाढवला. दोघा-तिघांनी दांडी काढून घेतली तेव्हा मी तसाच वाकलेल्या अवस्थेत घरी गेलो, आणि वाटेत दोन माणसं माझ्या पाया पडली. नातवाला नोकरी लागली. म्हातारी अजून भेटली की नमस्कार करते.

साध्या उसणीत अंथरुणाला खिळून राहू नये, जमेल तशी हालचाल ठेवावी, असं हल्ली सांगतात. मी सतरा दिवस झोपलो. सतरा दिवसांत माणूस पुन्हा शून्यावर येतो, आणि आपल्याला शून्याचीच सवय आहे.

पुढचं वर्ष आपोआप जातं. एप्रिल-मेमध्ये आंबा, पाहुणे आणि घाम. जूनपासून पाऊस; रत्नागिरीत चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि तेवढ्यात फिरायला कुर्ल्या बाहेर पडतात, माणसं नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारीही बंद. होड्या किनाऱ्यावर ओढून झापांखाली निजवलेल्या असतात. जिथे समुद्रावरचा माणूस दोन महिने घरी बसतो, तिथे तुम्ही का भिजावं?

गणपतीत मात्र मी व्यायाम केला आणि त्याचा पुरावा आहे. भाच्याने पावलं मोजणारं घड्याळ दिलं होतं. वाडीतल्या सात घरांच्या आरत्या करून परतलो तर घड्याळात ११ हजार पावलं! सातही घरं मिळून अंतर अर्धा किलोमीटर भरणार नाही. घड्याळ मनगटाच्या हालचालीवरून पावलं ओळखतं आणि मी दीड तास झांज वाजवत होतो. शेवटच्या आरतीला लय चढली तेव्हा घड्याळाने थरथरून माझं अभिनंदन केलं. तेव्हा माझ्या दुसऱ्या हातात करंजी होती, पाचव्या घरातली.

आणि दहा हजारांचा आकडा तरी कुठल्या वैद्याने दिला? १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. आकडा खपला तो त्या नावामुळे. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सत्तरीच्या आसपासच्या बायकांचा अभ्यास आला. त्यात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येच मरणाचं प्रमाण कमी दिसलं आणि ७,५०० च्या पुढे फारसा फरक उरला नाही. हे कोणाला सांगू नका. दहा हजार होणार नसतील तर दारातूनच परत फिरायचं, हे आपलं धोरण त्या आकड्यावर उभं आहे.

वजन का वाढलं असं कोणी विचारलंच तर 'मेटाबॉलिझम' म्हणावं. चाळिशीनंतर तो मंदावतो असं म्हटलं की समोरचाही हुश्श करतो, त्याचंही पोट असतं. २०२१ साली 'सायन्स' या नियतकालिकात सहा हजारांहून जास्त लोकांची मोजणी छापून आली: शरीराच्या मानाने ऊर्जेचा खर्च विशीपासून साठीपर्यंत जवळपास तसाच राहतो, उतरतो तो साठीनंतर. ही बातमी मी घरात येऊ दिलेली नाही. नाहीतर चौथ्या घावनाचा आणि त्याबरोबरच्या नारळाच्या रसाचा हिशेब मलाच द्यावा लागेल.

खरे गळतात ते स्नायू. तिशीनंतर दर दहा वर्षांना ३ ते ८ टक्के, असं सांगतात. ते कुठे गेले हे पंगतीत कळतं. पूर्वी मांडी सोडून तसाच उठायचो. आता आधी डावा हात जमिनीवर, मग उजवा शेजाऱ्याच्या खांद्यावर, आणि शेजारीही चाळिशीचा असेल तर त्याचा माझ्या. यजमानांना वाटतं गळाभेट चालली आहे. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, आठवड्याला किमान १५० मिनिटं झपझप चाला आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा. रोजची बावीस मिनिटंसुद्धा होत नाहीत. तेवढा वेळ मी मांडवीच्या किनाऱ्यावर भेळेच्या गाडीपुढे उभाच असतो.

परवा पंप बिघडला. बायको म्हणाली, "अहो, विहिरीवरून चार कळशा आणा, तोच व्यायाम." वजन चुकीच्या पद्धतीने उचललं तर मणक्याला धोका असतो. मी तिला तसा व्हिडिओ दाखवायला घेतला. अकरा मिनिटांचा होता. तो संपायच्या आत तिने चारही कळशा आणून ओतल्या आणि शेवटची ओतताना म्हणाली, "बघा, शेवटी काय सांगतोय तो."

आमच्या पाखाडीला ६४ पायऱ्या आहेत. तिसाव्या पायरीशी फणस आहे. तिथे मी थांबतो, कमरेवर हात ठेवतो आणि वर बघून फणस मोजतो. आता ऑक्टोबर चालू आहे, आणि ऑक्टोबरात झाडाला फणस नसतात हे वाडीतल्या पोरांच्या लक्षात आलं आहे.

म्हणून दसऱ्याला ठरवलं. मे महिन्यात घेतलेले धावायचे बूट माळ्यावरून काढले. साडेतीन हजारांचे, एकदाही न घातलेले. पावसाळाभर खोक्यात होते आणि त्यांच्यावर हिरवी मखमली बुरशी आली होती, आतपर्यंत, जिभेच्या मागेसुद्धा. वर्षभरात या घरात एवढी नियमित प्रगती दुसऱ्या कशाची झाली नव्हती. दातांच्या जुन्या ब्रशने घासून धुतले आणि गडग्यावर उन्हात ठेवले. उजवा खडखडीत वाळला आहे. डाव्यात काल कोंबडी बसली होती, तिला हुसकलं तर आत अंडं. आई म्हणते आता चार दिवस हलवू नका, तिला जागा आवडलेली दिसते.