प्रतिक्रियेला उत्तर : तीन इंची पडदा आणि आसन

नमस्कार.

हातात मावणाऱ्या गेम कन्सोलवरून घरी योगासने शिकण्याविषयीच्या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनतीनदा वाचली. इतक्या तपशिलाने घेतलेल्या हरकतीला दोन ओळींत आभार मानून मोकळे होणे बरे दिसणार नाही, म्हणून सविस्तर लिहीत आहे. आपले म्हणणे थोडक्यात असे, की आसने गुरूसमोर शिकायची असतात. जे यंत्र आपल्याला पाहू शकत नाही ते आपली चूक दाखवू शकत नाही, आणि चूक न दाखवणारा शिक्षक म्हणजे नुसते हलते चित्र. शिवाय गुण आणि पातळ्या यांच्या नादात योगाचा खेळ होऊन बसतो. शेवटी आपण पतंजलींचे ‘स्थिरसुखमासनम्’ हे सूत्र देऊन विचारले आहे, की तीन इंची पडद्याकडे मान वाकडी करून पाहणाऱ्याला यातले स्थिर काय आणि सुख काय.

हा शेवटचा प्रश्न सर्वांत नेमका आहे, म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच करते. मान वाकडी होते, हे खरे आहे, आणि माझी झालीही होती. पहिल्या आठवड्यात मी कन्सोल मॅटच्या पुढच्या कडेला उघडून ठेवत असे. त्रिकोणासनात उजवा हात घोट्याजवळ, डावा हात सरळ वर आणि नजर त्या वरच्या हाताच्या बोटांकडे असायला हवी. माझी नजर मात्र जमिनीवरच्या पडद्याकडे, मग घाईघाईने वर, मग पुन्हा खाली. चौथ्या दिवशी सकाळी डावीकडे वळून पाहता येईना. दोष ठेवण्याच्या जागेचा आणि माझ्या हट्टाचा होता. माझा कन्सोल म्हणजे निन्टेन्डो या जपानी कंपनीचा डीएस लाइट; त्याचा पडदा कर्णात मोजला तर आठ सेंटिमीटरांच्या आसपास भरतो, आणि उभ्या माणसाच्या डोळ्यांपासून दीड मीटरवर तो ठेवला की त्यातली आकृती अंगठ्याच्या नखाएवढी दिसते. तिचा गुडघा ताठ आहे की किंचित वाकलेला, हे तिथून कोणालाच कळणार नाही.

मूळ लेखात मी जे नीट मांडले नाही ते यापुढचे आहे. पडदा एवढा लहान, की आसन करता करता तो पाहण्यात अर्थ नाही, हे ध्यानात आल्यावर मी पद्धतच बदलली. मांडी घालून बसायचे, कन्सोल हातात घ्यायचा, एकच आसन सुरुवातीपासून सुटेपर्यंत तीनचार वेळा पाहायचे, सूचना वाचायच्या आणि झाकण मिटायचे. झाकण मिटले की हे यंत्र आपोआप झोपी जाते आणि उघडले की जिथे होते तिथूनच जागे होते. मला वाटते, त्याची माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगी सोय हीच. मग मॅटवर उभे राहून जे आठवेल ते करायचे. पहिल्या खेपेला निम्मेही आठवत नसे. हात आधी उचलायचे की पाय आधी फाकवायचे, श्वास वर जाताना की खाली येताना, हे सगळे अडखळत व्हायचे. पण जे आठवले ते माझे असायचे, आणि जे विसरले ते नेमके कुठे विसरले हे झाकण पुन्हा उघडले की लगेच कळायचे.

मोठ्या टीव्हीवर चित्रफीत लावूनही मी काही दिवस करून पाहिले होते. तिथे सगळे स्पष्ट दिसते, म्हणून डोळे सतत समोर खिळलेले राहतात आणि शरीर त्या माणसाच्या अर्ध्या क्षणाने मागे फरफटत जाते. महिनाभर करूनही टीव्ही बंद केला की मला सूर्यनमस्काराची चौथी स्थिती आठवत नव्हती. लहान पडद्याने पाहण्याची सोयच काढून घेतली आणि त्यामुळे लक्ष द्यायला उरले ते स्वतःचे शरीर. आपण ज्याला या साधनाचा दोष म्हणता, त्याचा मला झालेला फायदा एवढा आणि एवढाच आहे. कन्सोल गुरूची जागा घेतो असे माझे म्हणणे नाही.

एक गंमत जाता जाता सांगते. पडद्यावरची आकृती आपल्याकडे तोंड करून उभी असली की तिचा उजवा हात आपल्या डाव्या बाजूला येतो. सूचना उजवा पाय पुढे घ्या म्हणते, डोळे डावा दाखवतात, आणि वीरभद्रासनात उभी असलेली मी क्षणभर दोन्ही पायांवर अविश्वास दाखवत थांबते. आसन दोन्ही बाजूंनी होणारच असते, त्यामुळे नुकसान काही नाही.

आता ‘यंत्र पाहत नाही’ या मुख्य आक्षेपाकडे येते. तो पूर्णपणे मान्य आहे. २००४ साली आलेल्या डीएसला स्पर्शाचा पडदा आहे आणि मायक्रोफोन आहे, पण हालचाल ओळखणारे काहीही नाही. कोनामी या खेळ बनवणाऱ्या कंपनीने त्याच्यासाठी काढलेला योगासनांचा कार्यक्रम चालू असताना आपण मॅटवर उलटे पडून राहिलो तरी त्याला त्याचा पत्ता लागणार नाही. परंतु आपल्या आक्षेपाला माझी एक पुरवणी आहे : मला खरी भीती वाटते ती न पाहणाऱ्या यंत्राची नव्हे, अर्धवट पाहणाऱ्या यंत्राची. निन्टेन्डोने २००७ साली टीव्हीपुढे खेळायच्या ‘वी फिट’ या व्यायामाच्या खेळासोबत उभे राहण्यासाठी जो फळा दिला, त्यात दाब मोजणारे चार संवेदक आहेत. वृक्षासनात तोल कुठे झुकतो आहे हे तो अचूक सांगतो आणि ती माहिती उपयोगी असते. मात्र वर घेतलेला तळवा मांडीला टेकला आहे की गुडघ्याच्या सांध्यावर दाबला गेला आहे, जे कधीच करू नये, हे त्याला कळण्याचा मार्ग नाही. २०१९च्या ‘रिंग फिट ॲडव्हेंचर’ या निन्टेन्डोच्याच खेळामध्ये एक नियंत्रक हातातल्या कड्याला आणि दुसरा डाव्या मांडीच्या पट्ट्यात असतो. उत्कटासनात मांडी पुरेशी कलली की यंत्राच्या लेखी आसन जमले. कंबर खचली आहे का, गुडघे आत वळले आहेत का, श्वास रोखून धरला आहे का, हे त्या कलण्यात मावत नाही. तरी शाबासकी मिळते, आणि ती मिळाली की माणूस चूक शोधायचे थांबतो. माझा जुना कन्सोल निदान शाबासकी देण्याचा आव आणत नाही. गुणांविषयी आपण जे लिहिले आहे तेही मी याच कारणासाठी मान्य करते.

गुरू काय करतो, याचा माझा अनुभव आपल्याच बाजूने साक्ष देणारा आहे. तीन महिने घरी केल्यानंतर मी एका बाईंकडे शिकायला जाऊ लागले. पश्चिमोत्तानासन मला येते अशी माझी समजूत होती, कारण कपाळ गुडघ्यांच्या बरेच जवळ जात असे. बाईंनी मला थांबवले, घोंगडीची चौपदरी घडी करून माझ्या बैठकीखाली सरकवली आणि दोन बोटे कमरेच्या मणक्यांवर ठेवून म्हणाल्या, “इथून पुढे या, डोके विसरा.” कपाळ गुडघ्यांपासून वीतभर लांब राहिले आणि मांडीमागच्या शिरा पहिल्यांदाच खऱ्या अर्थाने ताणल्या गेल्या. तोवर मी मांडीमागचा सगळा आखडलेपणा पाठ गोल करून लपवत होते. हे कोणत्याही पडद्याने मला सांगितले नसते, मोठ्या किंवा लहान. दुसरी बाजू एवढीच, की आसनांची नावे, क्रम आणि श्वासाची ढोबळ वेळ मला आधीच पाठ असल्यामुळे बाईंचा वेळ ‘आता कोणता पाय’ हे सांगण्यात गेला नाही. तो सगळा दुरुस्तीला मिळाला.

चित्रावरून शिकणे ही गोष्ट कन्सोलने आणलेलीही नाही. योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार यांचे १९६६ साली प्रसिद्ध झालेले आसनांचे पुस्तक शेकडो छायाचित्रांचे आहे, आणि ते समोर उघडे ठेवून पहिली आसने करून पाहिलेले लोक जगभर आहेत. हठप्रदीपिका हा हठयोगाचा जुना ग्रंथ गुरूने दाखवलेल्या मार्गाचा आग्रह धरतो, हे आपण लिहिले आहे आणि ते बरोबर आहे. त्याच ग्रंथाचा पहिला उपदेश, म्हणजे अध्याय, संपता संपता असेही येते, की सिद्धी मिळते ती करणाऱ्याला, नुसत्या शास्त्रपाठाने ती मिळत नाही. ही दोन्ही वचने मला एकमेकांच्या विरोधात वाटत नाहीत.

एका बाबतीत मात्र आपल्या प्रतिक्रियेत सुटलेला यंत्राचा दोष मीच सांगायला हवा, कारण तो मानेच्या दुखण्यापेक्षा गंभीर आहे. यंत्राची मोजणी सर्वांसाठी एकच असते. भुजंगासनात श्वास घेत वर या आणि सोडत खाली जा, असे ते ठरलेल्या वेळात सांगते. माझा श्वास त्या वेळेआधीच संपत असे, आणि उरलेला काळ मी श्वास कोंडून काढत असे. जबडा आवळला गेला आहे हे मला कितीतरी दिवसांनी जाणवले. आपण दिलेल्या सूत्राच्या लगेच पुढच्या सूत्रात प्रयत्न सैल करण्याचा उल्लेख आहे. घड्याळाशी स्पर्धा करणारा श्वास हे त्याच्या बरोबर उलटे आहे. तेव्हापासून मी आवाज बंद ठेवते आणि श्वास मनातच मोजते. प्राणायामासाठी, विशेषतः कुंभकासाठी म्हणजे श्वास रोखून धरण्यासाठी, मी हे यंत्र वापरत नाही आणि कोणी वापरावे असे मला वाटत नाही.

‘घरबसल्या योग’ या माझ्या शब्दयोजनेवरही आपण बोट ठेवले आहे. पतंजलींच्या योगसूत्रांतल्या १९५ सूत्रांपैकी (काही पाठांत १९६) आसनाला थेट वाहिलेली सूत्रे जेमतेम तीन आहेत, तेव्हा मी जे शिकले ते आसनांचे प्राथमिक धडे होते, योग नव्हे. शीर्षकात आता ‘योगासने’ असा बदल केला आहे.

मूळ लेखाच्या शेवटी ‘हळूहळू सर्वांगासन, हलासन आणि शीर्षासनही असेच जमू शकेल’ असे एक वाक्य होते. ते मी उत्साहाच्या भरात लिहिले होते. या आसनांत शरीराचा भार मानेवर किंवा खांद्यांवर येतो, आणि उच्च रक्तदाब, काचबिंदू किंवा मानेच्या मणक्यांचा त्रास असलेल्यांनी ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय करूच नयेत. बाकीच्यांनीही ती शेजारी जाणता माणूस उभा असल्याशिवाय करू नयेत. ते वाक्य आज सकाळी काढून टाकले आहे आणि तिथे ही सूचना घातली आहे. मीही शीर्षासन अजून बाईंच्या समोरच करते, भिंतीला टेकून, आणि कन्सोल तेव्हा पिशवीत झाकण मिटून पडलेला असतो.