भरपाई हवी? मग मालक व्हा

इतिहासात आपल्यावर अन्याय झाला आणि सरकारनं त्याची भरपाई द्यावी, असं तुम्हाला मनापासून वाटतंय ना? मग आधी 'अर्जदार' हा रकाना नीट वाचा. बहुतेक लोक तिथंच फसतात. ज्याला राबवलं, ज्याला पाणवठ्यापासून लांब ठेवलं, तो स्वतःलाच अर्जदार समजतो. सरकारदरबारी हिशेब निराळा असतो. ज्याला दुसऱ्याला राबवायची सवय होती आणि ती सोडावी लागली, नुकसान त्याचं झालेलं असतं.

ब्रिटनचा दाखला पाठच करून ठेवा. 1833 साली तिथल्या संसदेनं वसाहतींमधली गुलामगिरी बंद करायचा कायदा केला आणि भरपाईपोटी 2 कोटी पौंड मंजूर केले. सरकारच्या वर्षाच्या खर्चाच्या सुमारे 40 टक्के! पैसे अर्थातच मालकांना मिळाले. कोणता गुलाम कोणत्या कामाचा, शेतावरचा की कारागीर, असे वर्ग पाडून अगदी काटेकोर हिशेब झाला. गुलामांनाही सरकार विसरलं नव्हतं. त्यांना उमेदवारी दिली. म्हणजे त्याच मालकाकडे, त्याच मळ्यात आणखी काही वर्षं बिनपगारी राबायचं, स्वातंत्र्याची हळूहळू सवय व्हावी म्हणून. 1838 साली तीही बंद पडली.

एवढा पैसा सरकारकडे नव्हता, तेव्हा कर्ज काढलं. ते पुरतं फिटलं 2015 साली. जमैकाहून लंडनला येऊन बस चालवणारा, इमानेइतबारे कर भरणारा माणूस डोळ्यांसमोर आणा. ज्याच्या खापरपणज्याला मळ्यावर विकत घेतलं होतं, तो त्या खापरपणज्याच्या मालकाचं नुकसान आपल्या पगारातून भरून देत होता. 180 वर्षं हा व्यवहार चालला, पण 'हे किती पिढ्या चालणार?' असं कुणी टीव्हीवर तावातावानं विचारल्याचं ऐकिवात नाही.

अमेरिकेनं 1862 साली वॉशिंग्टन शहरापुरता हाच धडा गिरवला. सुटणाऱ्या प्रत्येक गुलामामागे मालकाला 300 डॉलरपर्यंत भरपाई. सुटलेल्यालाही 100 डॉलरपर्यंत मिळणार होते, पण देश सोडून जाणार असेल तर. फ्रान्सनं तर कमाल केली. हैतीच्या गुलामांनी लढून स्वातंत्र्य मिळवलं होतं. 1825 साली फ्रान्सच्या राजानं तिथं युद्धनौका पाठवल्या आणि 15 कोटी फ्रँकचं बिल लावलं: तुम्ही आमचे राहिला नाहीत, ते नुकसान भरा. पुढे रक्कम कमी केली म्हणे. मोठं मन.

आता जरा घराकडे वळू. उगाच परदेशाचं कौतुक नको.

वतन म्हटलं की पाटलाच्या वाड्यात मान असायचा. महाराच्या वतनात कामं असायची. सरकारी सांगावा पोचवा, साऱ्याची रक्कम तालुक्याला न्या, साहेबाच्या घोड्यापुढे धावा, मेलेलं जनावर ओढा, आणि रात्री-अपरात्री हाक आली की उठा. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि बलुतं. ही वेठ संपावी म्हणून 1928 साली डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक आणलं. ते तडीस गेलं नाही. कनिष्ठ गावकामगारांची वतनं रद्द करणारा कायदा झाला 1958 चा. तोवर बाबासाहेब जाऊन दोन वर्षं झाली होती.

या कायद्यात भरपाई होती का? होती की! फक्त दिशा बघून घ्या. जमीन आधी सरकारजमा झाली. मग पिढ्यान्‌पिढ्या ज्यानं वेठ केली, त्यानं आकाराच्या, म्हणजे शेतसाऱ्याच्या, काही पट रक्कम मुदतीत सरकारात भरावी, म्हणजे तीच जमीन त्याला फेर मिळेल. तीही नव्या शर्तीनं, परवानगीशिवाय विकायची नाही या अटीवर. थोडक्यात, वेठ त्यानं केली आणि पैसेही त्यानंच भरले. त्याच काळात राज्य गेल्याचं दुःख हलकं व्हावं म्हणून संस्थानिकांना करमुक्त तनखे चालू होते, ते 1971 पर्यंत. यातली अर्जदाराची अक्कल तुमच्या लक्षात आली असेलच. शहरालगतच्या वतनी जमिनी आज कुणाकुणाच्या ताब्यात आहेत, हे सातबारा काढून बघू नका. विनाकारण रक्तदाब वाढतो.

यातून पुढचा सल्ला निघतो: मागणी कोण करतंय ते बघून वेळेचा अंदाज बांधा. ओबीसींना आरक्षण सुचवणारा मंडल आयोगाचा अहवाल 1980 च्या अखेरीस आला आणि अंमलबजावणीची घोषणा व्हायला 1990 साल उजाडलं. दहा वर्षं तो कपाटात होता. उलट 2019 च्या जानेवारीत आर्थिक दुर्बलांचं 10 टक्के आरक्षण दोन दिवसांत दोन्ही सभागृहांतून पार झालं. त्यातून अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींमधले गरीब वगळले, कारण बहुधा त्यांच्या गरिबीची प्रत वेगळी असते. वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलं की तुम्ही दुर्बल. एकूण आरक्षणावरच्या 50 टक्क्यांच्या मर्यादेचं काय, म्हणाल तर 2022 साली सर्वोच्च न्यायालयानं तीन विरुद्ध दोन मतांनी सांगितलं की ती काही दगडावरची रेघ नाही. इतकी वर्षं ती होती, हेच मुळी आपलं चुकलं.

लग्नाच्या पंगतीत आरक्षणाचा विषय निघाला तर एक वाक्य तयार ठेवा: 'घटनेत दहाच वर्षांसाठी होतं!' जिलबी वाढणाऱ्यापासून वरबापापर्यंत सगळे माना डोलावतील. मुदत होती ती लोकसभा-विधानसभेतल्या राखीव जागांना. ती वाढत वाढत आता 2030 पर्यंत आली आहे. नोकरी आणि शिक्षणातल्या आरक्षणाला अशी मुदत घटनेत कधीच नव्हती. पण हे सांगणारा पंगतीत असलाच, तर त्याच्या पानात मठ्ठा वाढा आणि विषय मुलांच्या मेरिटवर आणा.

मेरिटसाठी मात्र अमेरिकेकडे बघायचं. जून 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्डच्या खटल्यात, प्रवेश देताना वंश विचारात घ्यायला मनाई केली. न्यू जर्सीतल्या आपल्या भाच्या-पुतण्यांच्या घरी पेढे वाटले गेले असतील, तर वावगं काहीच नाही. ज्या काळ्यांच्या लढ्याच्या रेट्यात 1965 चा इमिग्रेशन कायदा आला आणि आपल्याला दार उघडलं, त्यांची आठवण पेढे खाताना काढायची नसते. शिवाय माजी विद्यार्थ्यांच्या आणि देणगीदारांच्या मुलांना मिळणाऱ्या झुकत्या मापाला या निकालानं हात लावलेला नाही. आजोबा हार्वर्डला होते, हेही नातवाचं मेरिटच.

आपणही मागे नाही. 2005 साली इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात ठरलं की विनाअनुदानित खासगी कॉलेजांवर सरकार आरक्षण लादू शकत नाही. त्याच निकालात एनआरआय मुलांसाठी 15 टक्क्यांपर्यंत जागा ठेवायला मुभा मिळाली. दुबईच्या काकांमुळे गुणवत्ता ढासळत नाही. पुढे घटनादुरुस्ती करून आरक्षणाचा रस्ता काढावा लागला, तो भाग सोडा.

राहिला भविष्याचा प्रश्न. आरक्षण रद्द करा म्हणून मोर्चे काढत बसू नका. ऊन लागतं, आणि मतं जातात म्हणून कुठलाच पक्ष ऐकत नाही. आरक्षणाला हात न लावता जागाच काढून घ्या. कायम पद रिकामं ठेवायचं, काम एजन्सीकडून करून घ्यायचं, आणि मग बिंदुनामावली, म्हणजे कोणती जागा कोणत्या वर्गाला राखीव याची यादी, कितीही चोख असली तरी बिंदू ठेवायला जागाच उरत नाही. फक्त गाजावाजा नको. 2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं कंत्राटी भरतीचा जीआर काढला आणि गदारोळ होताच मागे घेतला. 2024 मध्ये दिल्लीत लॅटरल एंट्रीनं, म्हणजे बाहेरची माणसं आरक्षणाविना थेट घेऊन, 45 मोठी पदं भरायची जाहिरात आली, तीही परत घ्यावी लागली. दोन्ही वेळा चूक एकच झाली, कागद लोकांच्या हाती लागला. तेव्हा तुमच्या ऑफिसात शिपायाची जागा निघाली तर जाहिरात देऊ नका. एजन्सीवाल्याला संध्याकाळी चहाला बोलवा आणि आपल्या मेव्हण्याच्या मुलाचा नंबर देऊन टाका.