‘धूळ जळतेय, दुसरं काय!’

ऑक्टोबर संपत आला, अंगणात पानांचे ढीग झाले, की न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी ग्रुपांवर दोन गोष्टी हमखास येतात. एक फराळाच्या ऑर्डरी आणि दुसरा फर्नेसच्या, म्हणजे घर गरम करणाऱ्या यंत्राच्या, वासाबद्दलचा तो निरोप. यंदा तो मला चार ठिकाणी दिसला. पाचव्यांदा तो पुण्याहून सासूबाईंनी पाठवला, वर ‘तुमच्याकडे थंडी सुरू झाली ना, वाचून ठेव’ एवढी काळजी.

निरोपाचा गोषवारा असा: हीटिंग सुरू केल्यावर येणारा वास म्हणजे उन्हाळाभर साचलेली धूळ, घाबरू नका. वास फारच आला तर खिडक्या उघडा, दोन दिवसांत जातो. तरी राहिलाच तर फिल्टरवर निलगिरीचं तेल शिंपडा किंवा जाळीपाशी कापूर ठेवा. आणि कार्बन मोनॉक्साइडची भीती घालणाऱ्यांकडे लक्ष देऊ नका, तो वायू असता तर डोळे चुरचुरले असते, वास लगेच कळला असता.

यातलं पहिलं वाक्य जवळजवळ बरोबर आहे, म्हणूनच बाकीची पचतात. मी फर्नेस दुरुस्त करणारा माणूस नाही. पण बेसमेंट असलेल्या घरात चौदा हिवाळे काढलेत आणि यातल्या एका चुकीची किंमत स्वतः मोजली आहे.

आधी धुळीचं. गॅसच्या फर्नेसमध्ये बर्नरच्या ज्वाळा हीट एक्स्चेंजर नावाच्या धातूच्या पोकळ भागात जळतात. त्याच्या बाहेरून ब्लोअर घरातली हवा ढकलतो आणि ती तापून खोल्यांत येते. पाच-सहा महिने बंद असलेल्या त्या धातूवर धूळ बसते आणि पहिल्या दिवशी ती करपते. विजेवरच्या हीटरमध्ये तारा लाल होतात, तिथे हा वास आणखी झोंबतो. इथवर निरोप खरा. पण हा वास काही तासांत विरायला हवा, फार तर दिवसभर. निरोपातले ‘दोन दिवस’ मला जड गेले.

तीन वर्षांपूर्वी आमच्याकडे तो वास दुसऱ्या दिवशीही होता. मी ‘धूळच’ म्हणून सोडून दिलं. तिसऱ्या दिवशी फर्नेस दर पाच-सात मिनिटांनी बंद पडायला लागली. कारागीर आला, त्याने फिल्टर ओढून काढला आणि काही न बोलता माझ्यासमोर धरला. गोधडीसारखा जाड, राखाडी. आठ महिने बदलला नव्हता. फिल्टर तुंबला की हवा पुरेशी वाहत नाही, हीट एक्स्चेंजर प्रमाणाबाहेर तापतो, लिमिट स्विच ज्वाळा तोडतो, थंड झालं की पुन्हा सुरू, पुन्हा तेच. तापणं आणि निवणं असं सारखं चालत राहिलं की कालांतराने त्या धातूला चीर जाऊ शकते. करपट वास धुळीचाच होता म्हणा, पण ती धूळ माझ्या आळसाची होती. एक इंच जाडीचा फिल्टर साधारण एक ते तीन महिन्यांनी बदलायचा असतो. घरात कुत्रा असेल किंवा रोज तळण असेल तर महिन्यालाच.

वास प्लॅस्टिक जळल्यासारखा, कधी माशांसारखा उग्र येत असेल तर तो धुळीचा नाही. तापलेल्या वायरीचं आवरण किंवा मोटारीचे भाग असा वास सोडतात. तिथे थांबून पाहायचं नसतं. फर्नेसजवळचा स्विच बंद, पॅनेलमधला ब्रेकर बंद, मग फोन. धूर दिसला तर घराबाहेर पडून ९११.

आता खिडक्या उघडण्याचा सल्ला. माझं खरं भांडण इथे आहे, कारण निरोप सगळ्या वासांना एकाच पारड्यात टाकतो. नैसर्गिक वायूला स्वतःचा वास नसतो. सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो मर्कॅप्टन या गंधकाच्या संयुगांचा, मुद्दाम मिसळलेला. आपल्या भारतातल्या सिलिंडरच्या गळतीचा वासही त्याच कुळातला. या वासाला रक्ताचा इतिहास आहे. टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेने पैसे वाचवण्यासाठी तेलक्षेत्रातला कच्चा, बिनवासाचा वायू घेतला होता. तो इमारतीखालच्या पोकळीत साचला आणि १८ मार्च १९३७ रोजी एका विजेच्या यंत्राच्या ठिणगीने पेटला. जवळपास ३०० विद्यार्थी-शिक्षक गेले. त्यानंतर टेक्सासने वायूला वास देणं कायद्याने सक्तीचं केलं. आज अमेरिकेच्या नियमानुसार हवेतला वायू पेट घेण्याच्या किमान प्रमाणाच्या एक पंचमांश असतानाच सामान्य नाकाला कळला पाहिजे. मिथेन साधारण ५ टक्क्यांना पेटू शकतो, म्हणजे १ टक्क्यालाच वास यायला हवा.

तेव्हा हा वास आला तर तुमच्याकडे अवधी आहे, पण तो खिडक्या उघडत फिरण्यासाठी नाही. दिवा लावू नका, लावलेला मालवू नका, स्विचला हातच नको. घरातल्या सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि रस्त्यावर जाऊन गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर किंवा ९११ वर फोन करा. प्रोपेन वापरणाऱ्यांनी एक गोष्ट जास्त लक्षात ठेवावी. नैसर्गिक वायू हवेपेक्षा हलका, तो वर जातो. प्रोपेन जड, तो बेसमेंटमध्ये तळाशी साचतो.

‘पण दहा मिनिटांनी वास गेला!’ असं एका मैत्रिणीने लिहिलं होतं. वास गेला नसेल, नाक थकलं असेल. एकच वास सतत घेतला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. त्यात आपली घरं. हिंगाच्या डबीतही गंधकाचीच संयुगं असतात. सकाळी फोडणी, दुपारी पुन्हा फोडणी, त्या घरातल्या नाकाकडून मर्कॅप्टन ओळखण्याची अपेक्षा जरा जास्तच. हिवाळ्यात नातवंडांसाठी आलेल्या आई-बाबांचं नाक वयाने मंदावलेलं असतं, कोणाचं कोविडनंतर पूर्ण परतलेलंच नसतं.

एक खोटा गजर मात्र सांगायला हवा, कारण तो बेसमेंटमध्ये सारखा होतो. फर्नेसपाशी जमिनीत सांडपाण्याची जाळी असते. तिच्याखाली पाणी अडवणारा वाक असतो, ज्याला आपल्याकडचे प्लंबर नहाणी ट्रॅप म्हणतात. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत त्यातलं पाणी उडून जातं आणि गटाराचा वायू वर येतो. तोही अंड्यासारखाच घाण वास. बादलीभर पाणी ओतलं की प्रश्न सुटतो, वरून चमचाभर खायचं तेल टाकलं तर पाणी लवकर उडत नाही. पण क्रम उलटा करू नका. शंका असेल तर आधी गॅस समजून बाहेर पडायचं, जाळीचा शोध गॅसवाला ‘सगळं ठीक’ म्हणाल्यावर. खोट्या गजरासाठी बोलावलं म्हणून ते रागावत नाहीत.

दमट मोज्यांसारख्या वासाला इथले कारागीर चक्क ‘डर्टी सॉक सिंड्रोम’ म्हणतात. एसीच्या आतल्या कॉइलवर ओलावा आणि जिवाणू साठले की तो येतो, हीट पंप असलेल्या घरांत जास्त. किळसवाणा, पण जिवावरचा नाही. कॉइल साफ करून घ्यायची.

फिल्टरवर तेल आणि जाळीपाशी कापूर. काय बोलावं! फिल्टरमधून जाणारी हवा पुढे तापलेल्या धातूवरून वाहते, आणि कापूर आपण आरतीला का लावतो ते सगळ्यांना माहीत आहे. निलगिरीचं तेलही ज्वलनशील. ते फिल्टरला ओलं करतं, त्यावर धूळ चिकटते आणि हवा आणखी अडते. त्याहून वाईट म्हणजे वासावर वास चढवल्यावर, जो वास तुम्हाला काही सांगू पाहत होता तोच झाकला जातो. घरात मसाल्याचा वास फिरत असेल तर फर्नेसला दोष देऊ नका. हवा परत ओढणारी जाळी स्वयंपाकघराजवळ असेल तर मासे तळल्याची वर्दी वरच्या मजल्यावरच्या कपड्यांनाही जाणारच. फिल्टर बदला, तळताना एक्झॉस्ट लावा. ब्लीच, रंग, थिनर मात्र फर्नेसजवळ ठेवू नका. त्यांच्या वाफा ज्वाळेच्या हवेत गेल्या तर त्यातून आम्ल तयार होतं आणि हीट एक्स्चेंजर गंजतो.

आता शेवटचा आणि निरोपातला सगळ्यात घातक मुद्दा. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, चव नाही. डोळे चुरचुरतात ते अर्धवट जळण्यातून निघणाऱ्या दुसऱ्या पदार्थांनी. ते सोबत असतीलच असं नाही. हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, चक्कर येते, माणूस फ्लू समजून पांघरूण घेऊन झोपतो. ताप नाही, सगळ्यांना एकदमच बरं वाटत नाही आणि बाहेर गेल्यावर हलकं वाटतं, अशी लक्षणं असतील तर संशय घ्यावा. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनुसार आगीशी संबंध नसलेल्या या अपघाती विषबाधेने दर वर्षी ४०० हून अधिक लोक दगावतात.

हा वायू घरात यायला चिरलेला हीट एक्स्चेंजर हा एकच मार्ग नाही. भिंतीतून बाहेर निघालेली धुराची नळी बर्फाने बुजते. किंवा आपण हौसेने मोठा किचन एक्झॉस्ट बसवतो. तो घरातली हवा बाहेर फेकतो, तेवढी हवा कुठून तरी आत यावीच लागते, आणि साध्या चिमणीवर चालणारा वॉटर हीटर असेल तर त्याचा धूर उलटा बेसमेंटमध्ये खेचला जातो. पुरणपोळ्यांच्या दिवशी चार तास एक्झॉस्ट चालू, खिडक्या बंद, पाहुणे खाली बेसमेंटमध्ये. यात नाकाला कळण्याजोगं काहीच नसू शकतं. भारतात बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून होणारे मृत्यू याच जातीचे. ‘गॅसचा वासच आला नाही हो’ असं तिथेही लोक म्हणतात. येणारच नव्हता. गॅस नीट जळण्याइतकी हवाच बाथरूममध्ये उरली नव्हती, गळती नव्हती.

म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म. प्रत्येक मजल्यावर आणि झोपण्याच्या खोल्यांबाहेर. त्याच्याबद्दलही एक गैरसमज आहे की हवेत थोडासा वायू आला की तो लगेच ओरडतो. इथल्या यूएल २०३४ मानकाप्रमाणे ७० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ७० भाग वायू) त्याने १ ते ४ तासांत वाजायचं, १५० ला १० ते ५० मिनिटांत, ४०० ला ४ ते १५ मिनिटांत. ३० पीपीएमला तर ३० दिवस गप्पच राहायचं. त्यामुळे अलार्म वाजला तर बॅटरी काढून शांत करण्याआधी घराबाहेर पडा, आणि तो वाजत नसतानाही घरात सगळ्यांचं डोकं दुखत असेल तर त्याच्या भरवशावर बसू नका. टेस्टचं बटण बॅटरी आणि भोंगा तपासतं, आतला सेन्सर नाही. सेन्सरचं आयुष्य मॉडेलप्रमाणे पाच ते दहा वर्षं. बदलण्याची तारीख मागच्या बाजूला छापलेली असते.

सासूबाईंना मी हे सगळं लिहिलं नाही. आमच्या अलार्मच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवला. पाचच मिनिटांत उत्तर आलं, ‘ही तारीख तर मागच्या वर्षीची आहे.’ खरंच होती. सायंकाळी जाऊन दोन नवे आणले.