पोरगी जीनियस निघाली? घाबरू नका

१३ वर्षांच्या पोरीने वडिलांना सरप्राइज म्हणून बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचे २४ प्रिल्यूड, म्हणजे छोट्या रचना, पाठ वाजवून दाखवले तर काय करायचं? काही नाही हो, बर्लिनच्या अब्राहम मेंडेल्सोननी फॅनीच्या बाबतीत निभावलं, तुम्हालाही जमेल.

आधी भरपूर शिकवा, भावाला, म्हणजे पुढे नावाजलेल्या संगीतकार फेलिक्सला, जो मास्तर तोच तिला, उगाच कुणी नावं ठेवायला नको. मग १८२० मध्ये त्यांनी लिहिलं तसं एक प्रेमळ पत्र लिहा, की फेलिक्ससाठी संगीत कदाचित पेशा होईल, तुझ्यासाठी मात्र तो दागिनाच राहायला हवा. काय शब्द आहे! दागिना घरच्या कार्याला काढायचा, मिरवायचा आणि पुसून परत कपाटात.

भावाने बहिणीची गाणी आपल्या पुस्तकात घालावीत, ओपस (म्हणजे छापलेल्या कृतीचा नंबर) ८ मध्ये तीन, ओपस ९ मध्ये तीन, नाव आपलं. रिस्क एवढीच की १८४२ ला लंडनमध्ये राणी व्हिक्टोरियाने त्यातलं नेमकं 'इटालिएन' हे गाणं निवडून गायलं आणि फेलिक्सला कबूल करावं लागलं की हे बहिणीचं, आता एखादं माझंही गा.

फारच वळवळ करायला लागली तर रविवारी घरीच मैफल करू द्या. बर्लिनच्या घरी, लाइपझिगर स्ट्रासे ३ च्या बागेतल्या हॉलमध्ये फॅनी गाणाऱ्यांचा कॉयर उभा करायची, तालमी घ्यायची, पियानोवर बसून सगळ्यांना सांभाळायची, एकदा तर बाहेरचा ऑर्केस्ट्रा बोलावून स्वतः बॅटन घेऊन उभी राहिली, ऐकायला फ्रान्झ लिस्टसारखे नामांकित पियानोवादक यायचे, पण घरात चालतं ना, मग ते घरगुतीच, लोणच्यासारखं.

जावई मात्र पारखून घ्या. तो विल्हेल्म हेन्सेल, चित्रकार, बायकोला उलट तुझ्या रचना छाप, छाप म्हणत राहिला. लग्नातली ऑर्गनची धून फेलिक्स देणार होता, तो लंडनला घोडागाडीच्या अपघातात जायबंदी, तर नवरीनेच आदल्या रात्री बसून लिहिली. असल्यांचं काय करणार? शेवटी साडेचारशेच्या आसपास रचना लिहून झाल्यावर, १८४६ ला, वयाच्या ४० व्या वर्षी ओपस १ निघालाच.

पण वर्ष काही धड गेलं नाही. १४ मे १८४७, रविवारच्या मैफलीची तालीम, पियानोवर हात अचानक चालेनात, त्याच रात्री गेली. तालीम फेलिक्सच्या रचनेची होती, हे सांगायलाच नको.

आणि हो, मुलांची नावं एकाच अक्षरावरून ठेवा. तिने १८२८ मध्ये लिहिलेल्या 'ईस्टर सोनाटा'वर नाव होतं एफ. मेंडेल्सोन, १९७० मध्ये हस्तलिखित सापडलं तेव्हा ते भावाच्या खात्यावर जमा झालं, रेकॉर्डसुद्धा निघाली, आणि अक्षर तिचं आहे हे सिद्ध व्हायला २०१० उजाडलं.