मामा, गॅरिक बघायला ये

मामाचा मेसेज इथल्या रात्री दीडला आला, म्हणजे त्याची दुपारची जेवणं उरकली असणार. "बालगंधर्व पाडून मोठं संकुल बांधलं तर तुम्हा लोकांना काय त्रास होतो? अमेरिकेत जुनं पाडतात, नवं उभं करतात, म्हणून ते पुढे गेले." 'तुम्हा लोकांना' म्हणजे मला. शिकागोच्या उपनगरात, नेपरव्हिलमध्ये बसून पुण्याच्या नाट्यगृहावर मत देणाऱ्या भाचीला.

शनिवारी लेकीबरोबर मेट्राच्या लोकलने शिकागो डाउनटाउनला गेले, नीडरलँडर थिएटरला मॅटिनी होती. रँडॉल्फ स्ट्रीटवर पोचेपर्यंत मी मनातल्या मनात मामाशी भांडत होते. याच रस्त्यावर जरा पुढे गॅरिक थिएटर होतं, वास्तुविशारद लुई सलिव्हनच्या हातचं. वाचवा वाचवा म्हणत लोक फलक घेऊन उभे राहिले, तरी 1961 मध्ये ते पाडलं. आणि त्या जागी काय बांधलं? पार्किंग! बहुमजली! हे मी फुटपाथवर उभी राहूनच टाइप केलं, बोटं गारठली तरी. सोबत शिकागो थिएटरच्या लाल पाटीचा फोटो. 1921 सालचं आहे, तेही पाडायला निघाले होते, नाही पाडलं, 1986 मध्ये पुन्हा उघडलं. आमचं बालगंधर्व तर 1968 चं, माझ्याहून फक्त सात वर्षांनी मोठं. एवढ्यात म्हातारं?

मामाने अंगठा पाठवला. त्याच्या अंगठ्याचा अर्थ आमच्या घरात सगळ्यांना कळतो.

एक गोष्ट मात्र मी त्याला सांगितली नाही. आम्ही बसलो होतो त्याच जागेवर आधी इरोक्वॉय थिएटर होतं. 30 डिसेंबर 1903, सुट्टीतली मॅटिनी, आग लागली आणि सहाशेच्या आसपास माणसं गेली, त्यात बायका-मुलंच जास्त. काही दारांना कुलपं होती, काहींच्या कड्या कुणाला उघडता येईनात. खेळ संपल्यावर लेकीने कमरेच्या उंचीवरची लोखंडी दांडी नुसत्या कोपराने ढकलली आणि दार बाहेर उघडलं. एका हातात तिचा कोट, दुसऱ्या हातात पॉपकॉर्न. जुन्या इमारतीचं सगळंच जपायचं नसतं, हा मामाचा मुद्दा त्या दांडीपाशी मला नीट पटला. पण पटलं म्हणून लगेच कळवायचं थोडंच असतं?

शिकागोच्या बाजारपेठेचं, स्टेट स्ट्रीटचंही तेच. 11 डिसेंबरला, पादचारी दिनाला, लक्ष्मी रोडवर वाहनं बंद ठेवतात तेव्हा व्यापारी कुरकुरतात आणि मी इथून त्यांना अक्कल शिकवते, 'परदेशात बघा'. परदेशात बघितलं तर 1979 मध्ये स्टेट स्ट्रीटवर गाड्या बंद केल्या, फक्त बस ठेवल्या, फुटपाथ ऐसपैस केले. रस्ता ओस पडला. 1996 मध्ये गाड्या परत आणल्या. आता सलिव्हननेच बांधलेल्या, कार्सन्स या जुन्या दुकानाच्या इमारतीत टार्गेटचं सुपरमार्केट आहे. तिथल्या ओतीव लोखंडाच्या नक्षीदार दारातून आत जाऊन आम्ही मोजे आणि शाम्पू घेतला. बाहेर पडताना लेकीने नक्षीवरून बोट फिरवलं, एवढंच. उपनगरांत मॉल झाल्यावर शिकागोचेही लोक डाउनटाउनला यायचे कमी झाले, तिथे गाड्या चालू काय आणि बंद काय.

परतीच्या गाडीत मामाचा प्रश्न आला. "तू बालगंधर्वला शेवटचं नाटक कधी पाहिलंस?"

2011. त्यानंतर पाच वेळा पुण्यात येऊन गेले. लेकीला उकडायचं, मला वेळ नसायचा, म्हणून एसी मॉलमध्ये गेलो, साड्या फोनवरून मागवल्या. नाटकं इथे पाहते, मंडळाने आणलेली, हायस्कूलच्या हॉलमध्ये, मध्यंतरात गार समोसा. तिथे पैठणी नेसून आम्ही सगळ्या 'बालगंधर्वची सर नाही' म्हणतो. मला ती इमारत हवी आहे ती बहुधा अशीच, मी नसताना तिथे असलेली. घंटा होत असलेली, वडा तळला जात असलेला. तिचं छत गळो, डागडुजी होवो, ते मामाने बघायचं.

"डिसेंबरात येतेस ना? चांगलं काही लागलं तर तिकिटं काढून ठेवतो. पुढच्या रांगेतली."

"बघते. तारखा ठरल्या की कळवते," असं लिहिलं. विमानाची तिकिटं काढून महिना झाला होता.